पेटीतल्या बाळाचं दूध

खान्देशात एखाद्या घरी दिवस भरायच्या आधीच बाळंतपण झालं, की गल्लीत, मळ्यात, एसटी स्टँडवर एकच निरोप फिरतो : बाळाला पेटीत ठेवलंय. पेटी म्हणजे इन्क्युबेटर किंवा वॉर्मर. निरोप ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काच येते, नळ्या येतात, दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक येतात. बाळ आता यंत्राच्या आणि डॉक्टरांच्या हवाली झालं, आपण पैशांची सोय बघायची आणि देवाचं नाव घ्यायचं, अशी घरातल्यांची समजूत होऊन बसते. ही पुस्तिका त्या समजुतीशी भांडायला लिहिली आहे. पेटी ऊब देते, नळी प्राणवायू देते. पण बाळाच्या पोटात जे जायला हवं ते आईकडे असतं, आणि ते वेळेवर, स्वच्छ, थेंबाथेंबाने बाळापर्यंत पोचवणं हे सगळ्या घराचं काम असतं. बाळाला घरी नेण्याची तयारीही त्या पहिल्या थेंबापासूनच सुरू होते. डिस्चार्जच्या दिवशी ती करायला गेलं तर फार उशीर झालेला असतो.

आपल्याकडे हे काम अवघड का होतं, ते आधी सांगितलं पाहिजे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातलं किंवा चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचं गाव घ्या. तालुक्याला सिझर होतं, बाळ बाराशे-तेराशे ग्रॅमचं निघतं, आणि तासाभरात 108 ची गाडी त्याला घेऊन जळगावच्या रस्त्याला लागते. शिरपूर, साक्रीकडचं बाळ धुळ्याला, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडचं नंदुरबारला. गाडीत बाळाबरोबर बाप असतो, आजी किंवा मामा असतो. आई टाके घातलेल्या पोटाने मागेच राहते. तिचं बाळ पन्नास किलोमीटरवर असतं, तिने ते धड पाहिलेलंही नसतं, आणि तिसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटतो. कोणी काही सांगितलेलं नसतं. छाती दगडासारखी होते, दुखते, ताप येतो. मग कोणीतरी जाणती बाई म्हणते, पिणारं तोंडच नाही तर दूध आटवून टाकू. आणि ते आटतं. इकडे रुग्णालयाच्या नवजात कक्षात नर्स विचारत असते, आईचं दूध आणलं का? या पुस्तिकेतलं दुसरं प्रकरण पूर्णपणे या तीन दिवसांबद्दल आहे आणि ते तसंच असायला हवं होतं.

एक जुनी समजूतही इथेच बाजूला सारू या. सातव्या महिन्याचं बाळ जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आपल्या घराघरांतून आजही ठामपणे बोललं जातं. आठव्या महिन्यातल्या बाळाच्या घरात त्यामुळे आशाच सोडून दिली जाते, दूध काढायचे कष्ट कोणी घेत नाही. खरं उलटं आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. 34 आठवड्यांचं बाळ 30 आठवड्यांच्या बाळापेक्षा कितीतरी भक्कम असतं. डॉक्टर महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलतात ते यासाठी, आणि घरच्यांनीही आठवडे विचारून घ्यावेत. कारण दूध कसं पाजायचं हे त्या आकड्यावरच ठरतं.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी आपल्याला एकच वाटतात. बाळाला त्या एकमेकींशी जुळवाव्या लागतात, आणि ही जुळणी साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमाराला बसते. त्याआधीचं बाळ चोखताना श्वास घ्यायला विसरतं, निळं पडतं, दूध श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून फार लवकर आलेल्या बाळाला तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. 32-34 आठवड्यांच्या सुमाराला वाटी-चमचा किंवा बोंडलं येतं. त्यानंतर छाती. या पायऱ्या बाळाच्या आहेत. कोणाच्या घाईने त्या वर-खाली होत नाहीत.

नळीने दूध देणं मी जवळून पाहिलं आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. सिस्टर आधी हात धुतात, कोपरापर्यंत. नळी जागेवर आहे का ते तपासतात. मग सिरिंजमधला दट्ट्या काढून टाकतात आणि उघडी सिरिंज नळीला जोडून बाळाच्या थोडी वर धरतात. तिच्यात दूध ओततात. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. दूध आपल्या वजनाने उतरतं. सुरुवातीला हे दूध किती असतं? बाराशे ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवसांत किलोमागे 20 मिली धरले तर दिवसाला 24 मिली होतात. दर दोन तासांनी एकदा, म्हणजे बारा वेळा. एका वेळेला दोन मिली. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. तेच बाळ पुढे हळूहळू वाढवत किलोमागे 150 मिलीपर्यंत नेतात, तेव्हा दर वेळेला 15 मिली होतात. हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण ‘माझ्या अंगावर दूधच नाही’ असं रडत सांगणाऱ्या कितीतरी आयांकडे पहिल्या दिवशी हवे असलेले ते दोन मिली असतात. त्या भांडंभर दुधाशी स्वतःची तुलना करत बसलेल्या असतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं ते घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो वाटीत काढला तर अर्धा वाटीलाच चिकटून राहतो. म्हणून सुई नसलेल्या छोट्या सिरिंजमध्ये थेंब थेंब टिपून घ्यायचा. बाळाला अजून पोटात दूध सुरू झालं नसलं, सलाईनवर असलं, तरी चिकाचे दोन थेंब त्याच्या गालाच्या आत लावता येतात. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं अपुऱ्या दिवसांच्या बाळाला औषधासारखी उपयोगी पडतात. या बाळांच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा एक भयंकर आजार होतो. आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो डब्याच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी दिसतो. एवढं एकच कारण असतं तरी चीक फेकून देण्याची चाल मोडायला पुरेसं होतं.

दूध हाताने काढायचं शिकवायला दहा मिनिटं लागतात. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी मागे छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. कातडीवर बोटं घासत पुढे ओढायची नाहीत. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच सुरुवात करायची आणि दिवसातून आठ-दहा वेळा काढायचं. त्यातली एक वेळ रात्रीची हवीच, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. दूध उतरणं मनाशीही बांधलेलं आहे. बाळाच्या पेटीशेजारी बसून, त्याला हात लावून काढलं तर जास्त येतं. दाराबाहेरच्या बाकावर, चार परक्या पुरुषांसमोर पदराखाली ते येत नाही. ‘हिलाच दूध नाही’ असं सासूने तिच्यादेखत म्हटलं, तर असलेलंही अडतं.

खाण्याचंही बोलू. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपू, बाळंतशोपा, खसखशीची खीर यांवर आपल्या घरांचा मोठा विश्वास. यातलं काहीच वाईट नाही. पण बाळ महिनाभर कक्षात असतं तेव्हा आई रुग्णालयाच्या आवारात वडापावावर दिवस काढत असते आणि लाडू घरी डब्यात असतात. तिला दोन वेळची कळण्याची किंवा दादरची भाकरी, डाळ, भाजी, वेळेवर चहा-दूध आणि भरपूर पाणी मिळालं तर कोणत्याही खास पदार्थावाचून दूध येतं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत या दिवसांत कृपा करून पाळू नका. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

उन्हाळा आपल्याकडे दुधाच्या प्रवासातही आडवा येतो. आई तालुक्याला आणि बाळ जिल्ह्याला, अशा वेळी बाप किंवा दीर दूध घेऊन जातो. सामान्य खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं असं सांगतात, पण ती खोली 25 अंशांची धरलेली असते. मे महिन्यात आपला पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा दूध उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढा, ते बर्फाच्या डब्यात ठेवा, वर नाव, तारीख आणि वेळ लिहा, आणि मोटरसायकलच्या डिकीत टाकू नका. फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध रुग्णालयातल्या बाळासाठी 24 तासांत वापरायचं. ते गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं धरून थंडी मोडायची.

हे सगळं आपल्या महाराष्ट्रात कोणी सिद्ध करून दाखवलं, ते आयांना सांगायला मला आवडतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग बघत होत्या. गरीब वस्त्यांतली बाळं, अपुरे हात, जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू. त्यांनी डब्याचं दूध बंद केलं, आयांना कक्षात आणलं, बाळांना आईचंच दूध द्यायला लावलं. आणि ज्या आईला दूध देणं शक्य नाही तिच्या बाळासाठी 27 नोव्हेंबर 1989 रोजी तिथे मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. परदेशी यंत्रांच्या जोरावर हे उभं राहिलेलं नाही. आई ही उपचाराचा भाग आहे, एवढं ओळखून ते उभं राहिलं. केंद्र सरकारच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी वैद्यकीय महाविद्यालयांत अशी पूर्ण केंद्रं आणि जिल्हा रुग्णालयांत आईचं दूध काढून साठवण्याची सोय असावी असं म्हटलं आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांनी त्याचा हिशोब मागत राहिलं पाहिजे.

डब्याच्या दुधाबद्दल स्पष्ट बोलते. काही बाळांना ते वैद्यकीय कारणाने लागतं, आणि तेव्हा आईला अपराधी वाटायला लावणं हा अन्याय आहे. पण ते डॉक्टरने लिहून द्यावं, शेजारणीने सुचवू नये. 1992 चा कायदा, जो 2003 मध्ये आणखी कडक झाला, बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला मनाई करतो. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. दीड किलोखालच्या बाळासाठी डॉक्टर कधी कधी आईच्याच दुधात मिसळायची एक पूड देतात, प्रथिनं आणि कॅल्शियम वाढवायला. ती आईच्या दुधाऐवजीची नसते. तिचं पाकीट पाहून ‘आता डब्यावर घातलं’ असं समजून आईने दूध काढणं थांबवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आईची छाती दुधाखेरीज उबेसाठीही लागते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमाराला इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू मदर केअर म्हणतात. बाळ स्थिर झाल्यावर ती द्यायची, असं अनेक वर्षं चाललं. मग भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात, जन्मल्याबरोबर छातीशी घेण्याचा मोठा अभ्यास झाला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतली बाळं होती. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या 28 दिवसांत शंभरात सुमारे 15.7 बाळं दगावली, लगेच छातीशी घेतलेल्यांत 12. यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत ठेवावी लागली. मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही खाट वाटते. आई कक्षात असली की बाळाला ऊब मिळते, दूध वाढतं, आणि बाळाची भूक, थकवा, श्वास ती ओळखायला लागते. बापानेही छातीशी घ्यावं. शर्टाची बटणं काढून, लाजत लाजत बाळाला घेणारे आपल्याकडचे तरुण बाप एकदा बसले की उठायला तयार होत नाहीत.

आता बोंडलं. चांदीचं बोंडलं अजून कितीतरी घरांत फडताळात पडून आहे, आजीच्या माहेरून आलेलं, पुढे निमुळती चोच असलेलं. रुग्णालयात स्टीलचं मिळतं. दक्षिणेत ज्याला पालाडाय म्हणतात तेच हे. बाटलीपेक्षा ते शंभर पटींनी चांगलं, कारण त्यात आत न दिसणारा कोपरा नाही. उकळलं की स्वच्छ. पण ते वापरायची रीत आजीच्या आठवणीतल्या रीतीपेक्षा वेगळी आहे. बाळ मांडीवर आडवं घेऊन, पाय आवळून, नाक-तोंड भरेल असं दूध ओतायचं नाही. डोकं आणि मान हाताने उचलून बाळ अर्धवट बसतं करायचं. चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायची. थोडं दूध सोडायचं, मग थांबायचं. गळ्याची हालचाल दिसली, घोट गेला, की पुढचं थोडं. बाळाने कपाळाला आठ्या घातल्या, बोटं फाकवली, रंग बदलला, की थांबायचं. त्याला दम लागला आहे. उरलेलं नळीने जाईल. संपवायची शर्यत नाही.

याच दिवसांत दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीशी बाळाला नुसतं चोखायला लावतात. मग खरं पाजणं येतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ चार-पाच वेळा चोखतं आणि थबकतं, डोळे मिटतं. आईला वाटतं पोट भरलं, ती सोडवून घेते. ते विसावत असतं. थांबा, ते पुन्हा सुरू करेल. एका हाताने बाळाची मान आणि दुसऱ्याने स्तन आधाराला धरला तर त्याचं बळ वाचतं. सुरुवातीला छातीवर पाजून झाल्यावर काढलेलं दूध वाटी-चमच्याने वर द्यावं लागतं. हा तिहेरी उद्योग, म्हणजे पाजणं, काढणं, पुन्हा भरवणं, आईला थकवून टाकतो, आणि नेमका याच आठवड्यात घरून फोन सुरू होतात : कधी आणताय?

कधी आणायचं हे वजनाच्या एका आकड्यावर ठरत नाही. कक्षाबाहेरच्या बायका एकमेकींना रोज विचारतात, आज किती भरलं? बहुतेक ठिकाणी सोळाशे ते अठराशे ग्रॅमच्या आसपास डिस्चार्जचा विचार होतो. पण त्याबरोबर बाळ सलग तीन दिवस वाढत असायला हवं, पेटीबाहेर अंग गरम राहायला हवं, सगळं दूध तोंडाने घेता यायला हवं, आणि श्वास थांबण्याचे प्रकार काही दिवसांपासून बंद झालेले असायला हवेत. माझ्या मते आणखी एक अट लिहून ठेवावी : आईने कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण एक दिवस-रात्र बाळाला पाजलेलं असावं.

एक कडू गोष्टही लिहायला हवी. पेटीत मुलगी असली की ‘आता घरीच नेतो’ हे शब्द लवकर येतात. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. जन्माआधी आणि जन्मानंतर, दोन्हीकडे ही गळती होते. आजारी अर्भकावरचे उपचार आणि ने-आण सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. मुलीलाही तेवढेच दिवस द्या.

घरी आल्यावर आजी हीच खरी सत्ता. म्हणून तिला डिस्चार्जच्या आधीच कक्षात बोलावून शिकवावं, असं या पुस्तिकेच्या लेखिका म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं. गुटी, मध, ग्राइप वॉटर काही नको. ओव्याची धुरी त्या फुप्फुसांना सोसत नाही. आंघोळ आणि मालीश डॉक्टर सांगतील तेव्हा. बाळ रडायची वाट न पाहता दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, कारण हे बाळ भुकेनं रडेलच असं नसतं, अशक्तपणाने झोपून राहतं. ‘ड’ जीवनसत्त्वाचे आणि पुढे लोहाचे थेंब विसरायचे नाहीत. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोखाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यायचा, फारच लहान बाळाचा त्याहूनही लवकर. ही तारीख चुकली तर दृष्टी जाऊ शकते. बाळ दूध कमी घ्यायला लागलं, तळपाय गार पडले, श्वास धापेचा झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आशाताई दाराशी येतील त्यांना आत बोलवा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. तो अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आशाताईंच्या गृहभेटी त्याच कामातून आल्या. त्यांच्या पिशवीतला वजनकाटा आणि थर्मामीटर तुमच्या बाळासाठीच आहे.

पुढची पानं वाचणाऱ्या घरच्यांना माझी एक विनंती आहे. पुस्तिका बाजूला ठेवा आणि आधी आईला बाळापाशी पोचवा. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारा, प्रवास झेपेल तितक्या लवकर तिला जिल्ह्याला हलवा. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारचे रुग्णालय चालवणारे, त्यांना निधी मंजूर करणारे लोकप्रतिनिधी, यांच्याकडे मागणी आहे : नवजात कक्षाला लागून आयांसाठी खाटा, आडोशाची एक खोली, स्वच्छ संडास-बाथरूम आणि दोन वेळचं जेवण द्या. नव्या यंत्रांच्या यादीत हे सगळ्यांत वर लिहा.